हाताच्या हालचालीचा मार्ग

तक्तेवाल्यांचा उजवा हात चालताना हलत नाही, हे शोधून काढलं फाटकावरच्या रखवालदार बाईंनी. झालं असं की त्या दिवशी ओळखपत्र घरी राहिलं होतं. एकतीस वर्षं त्याच फाटकातून आत जाणाऱ्या माणसालाही ओळखपत्राशिवाय सोडू नये असा नवा नियम नुकताच निघाला होता, आणि नव्या नियमाचं पहिल्या महिन्यात जे होतं तेच, म्हणजे पालन, चाललं होतं. तक्तेवाले एकेक खिसा चाचपत होते. बाई समोरच्या नऊ पडद्यांवरून नजर न काढता म्हणाल्या, "जा हो तुम्ही. तुम्हाला कशाला कार्ड. मी तुम्हाला पाठीमागून ओळखते." कसं काय, असं त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं. "उजवा हात हलत नाही ना तुमचा. डावा मजेत पुढे-मागे, आणि उजवा आपला काखोटीला काहीतरी मारल्यासारखा गप्प. पाचव्या पडद्यावर रोज दिसता. पहिले दोन दिवस मला वाटलं, काहीतरी चोरून नेताय."

फाटकापासून शरीररचना विभागापर्यंत एकशे चाळीस पावलं होती. ती त्यांनी आयुष्यात प्रथमच मोजली. हाताकडे बघत चाललं की हात हलत होता, पण कसा, तर शाळेच्या संचलनात पहिल्या रांगेत उभं केलेल्या पोरासारखा. कारकुनांपैकी एकाने जिन्यावरून जाता जाता विचारलंच, काय तक्तेवाले, सैन्यात भरती झालात की काय. त्यांनी हसून घेतलं. निदान हसलो असं त्यांना वाटलं. नजर हातावरून काढली, रंगाच्या बाटल्या संपत आल्यात असं काहीतरी मनात आलं, आणि पुन्हा बघावं तो हात कोपरात थोडा वाकून बरगडीशी जाऊन बसलेला. म्हणजे आपण बघत नसताना हा असा असतो तर. छप्पन्न वर्षं हा हात कुणी न सांगता पुढे-मागे होत होता, आणि छप्पन्न वर्षांत त्याला कुणी शाब्बास म्हटलेलं नव्हतं. श्वास, पापण्या, चालताना हलणारे हात ही सगळी घरातल्या बाईसारखी मंडळी. ती थांबली की मगच लक्षात येतं की ती काहीतरी करत होती. हा विचार त्यांना आवडला आणि लगेच नावडला, कारण बायको जाऊन पाच वर्षं झाली होती आणि ती चालायची नेमकी याच बाजूने. तिला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून डावा कान नवऱ्याकडे यावा या हिशेबाने ती त्यांच्या उजव्या हाताला, कोपरात हात घालून चालायची. हात अजून त्याच बेतात वाकलेला होता. कुणी गेल्याचं बाकी सगळ्या शरीराला कळवलं आणि याला कळवायचं राहून गेलं, अशातला प्रकार. पण हे सुचणं म्हणजे भावुकपणा, असं त्यांचं मत होतं, आणि भावुकपणा त्यांना फक्त दुसऱ्यांच्यात खपायचा.

त्यांची खोली विभागाच्या टोकाला, बरण्यांच्या कोठाराला लागून होती. उत्तरेचा उजेड, उतरतं टेबल, पाठ मोडलेली खुर्ची. तिथे बसून त्यांनी एकतीस वर्षं माणूस आतून काढला होता. धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा, ही रीत. प्रत्यक्षात माणूस उघडला तर आत यातलं काहीच लाल-निळं-पिवळं नसतं, सगळं ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं असतं, हे बरण्यांच्या शेजारी बसून त्यांना केव्हाच कळलं होतं. पण विद्यार्थ्यांना रंग लागतात. आता तेही लागत नव्हते. व्याख्यानाच्या दालनाचं नूतनीकरण निघालं होतं, भिंतीवर मोठा पडदा येणार होता, आणि जुने अठ्ठ्याऐंशी तक्ते गुंडाळून कोठारात गेले होते. मग विभागप्रमुखांना एके दिवशी अचानक वारसा आठवला. उद्घाटनाला येणारे पाहुणे मेंदूतले मोठे जाणकार. तेव्हा मेंदूचा एक तरी तक्ता भिंतीवर हवा, हाताने काढलेला हवा, आणि तुमच्याच हातचा हवा. तक्ता क्रमांक एक्केचाळीस, हाताच्या हालचालीचा मार्ग. जुना ओल लागून फुगला होता. नवा सोमवारी सकाळपर्यंत, मूळ तक्त्याबरहुकूम. तक्तेवाले हो म्हणाले होते. ही गोष्ट फाटकावरच्या बाईंच्या आधी आठ दिवसांची. हो म्हणताना चेहऱ्यावर काही उमटलं नसावं, कारण प्रमुख म्हणाले होते, "रागावू नका हो. शेवटचा एकच." आपण रागावलेले नाही हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं तोवर प्रमुख कॉरिडॉरच्या वळणापर्यंत पोचले होते. त्या शेवटच्या एकात पुढचंही सगळं येत होतं. तक्ता झाला की निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष खोली त्यांची. नाही झाला तर छापखान्यातून छापून येईल, आणि खोलीत संगणक बसेल. संगणकाला उत्तरेचा उजेड लागत नाही.

एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका मज्जाविकारतज्ज्ञ बाईंकडे गेले. कॉलेजच्या इस्पितळात गेले असते तर फुकटात झालं असतं. पण मग दुपारच्या चहापर्यंत तेही सगळ्यांच्यात वाटलं गेलं असतं. डॉक्टरीण बाई चाळिशीच्या, चपळ. काका, हे करा, काका, ते करा. अंगठा आणि तर्जनी आपटा. डाव्याने झालं, उजव्याने पहिल्या चार वेळा झालं आणि मग टाळी वाजवता वाजवता समारंभच संपावा तसं बारीक होत थांबलं. मनगट धरून त्यांनी हात हलवून पाहिला, तर तो दातेरी चाकासारखा टप्प्याटप्प्याने वळला. मग कागद पुढे केला, एक गोगलगायीसारखा वळसा काढा. तक्तेवाल्यांनी काढला. बाई कागदाकडे बघत राहिल्या. इतका गोल वळसा त्यांच्या दवाखान्यात आजवर कुणी काढला नसावा. निरोगी माणसांनीही नाही. "काय काम करता?" चित्रं काढतो, तक्तेवाले म्हणाले. सरकारी. बरं, आता खाली एक वाक्य लिहा, कुठलंही. त्यांनी लिहिलं: आज हवा बरी आहे. 'आज' होता तसाच होता. 'हवा' त्याहून धाकटी, 'बरी' अगदीच अशक्त, आणि 'आहे' ही कागदावर चढलेली मुंगी. बाईंनी वळशाकडे पाहिलं, वाक्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कोडं सुटल्यासारखा झाला, जे समोरच्या माणसाला कधीच चांगलं लक्षण नसतं.

पार्किन्सन, त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते त्यांना चांगलं सांगता येत होतं. हाताच्या नसा ठीक आहेत, स्नायू ठीक आहेत, मेंदूपासून पाठीच्या कण्यातून बोटांपर्यंतचा रस्ता शाबूत आहे. रस्त्यात काही नाही. पण काका, मेंदूत मुळात सगळ्याच हालचालींना बंदी असते. हात हलत नाही ही साधी स्थिती; हलतो तेव्हा कुणीतरी बंदी उठवलेली असते. मेंदूच्या खोल भागात एक पहारा असतो, तो सगळं धरून ठेवतो. त्याला 'सोड' म्हणून सांगण्याचं काम खाली एका काळ्या ठिपक्यातून पाझरणाऱ्या रसायनाकडे. त्या ठिपक्यातल्या पेशी मरत गेल्या, रसायन आटलं, की पहारा सोडत नाही. हाताला काही झालेलं नसतं. त्याला परवानगी मिळत नाही, एवढंच. तक्तेवाल्यांना हे फार चटकन समजलं. एकतीस वर्षं ते अशाच एका कार्यालयात होते, जिथे काहीच करता येत नसे आणि जे होई ते कुणीतरी वरून सोडल्यामुळे होई. आणि तो सोडणारा साहेब एक दिवस निवृत्त झाला की फाइलीत काही खोट नसताना फाइल जागची हलत नसे. मुद्दाम केलेली गोष्ट दुसऱ्या वाटेने जाते, बाई म्हणाल्या, लक्ष देऊन, ठरवून. म्हणून तुमचा वळसा सुंदर आला. आपोआप होणारं जे आहे ते बंद होत जातं.

आणि मग त्या कागदावर काढून दाखवायला लागल्या. बेढब, बटाट्यासारखा एक मेंदू डावीकडे, एक उजवीकडे. डाव्यात काळा ठिपका भरला. उजव्यातही भरला. थांबल्या, आणि एकट्याच हसल्या. "बघा, सवय. आमच्या कॉलेजात एक तक्ता होता, मोठा, हाताने काढलेला. डावीकडे निरोगी मेंदू, उजवीकडे हाच आजार. आणि दोन्हीकडे ठिपका काळाच. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी तो तक्ता, तीच त्यात नाही. पहिल्याच दिवशी सीनियर सांगायचे, उजवीकडे काळं दिसेल, ते नाही असं धरायचं. त्यांना त्यांच्या सीनियरनी सांगितलेलं. आम्ही खालच्यांना सांगितलं. परीक्षेत कधी कुणाची चूक झाली नाही." त्यांनी उजवा ठिपका खोडला, पेनाचा असल्यामुळे तो आणखी काळा झाला. तक्तेवाल्यांनी विचारलं, मग काढणाऱ्याला कुणी सांगितलं नाही का कधी. "काढणाऱ्याला?" हा प्रश्न बाईंना खरोखरच नवीन होता. "तो कुणी असेल असं काही डोक्यात नाही आलं हो. छापून वगैरे आला असेल, नाही तर कुठला तरी फार जुना."

असेल, तक्तेवाले म्हणाले. दालनाच्या दारापासून त्यांच्या खोलीचं दार बारा पावलांवर होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

घरी कोण असतं, बाईंनी शेवटी विचारलं. गोळ्या लिहून दिल्या होत्या, कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवायच्या, फरक दिसायला काही आठवडे. तोवर आणि पुढेही काही युक्त्या. लिहिताना कागदावर दोन रेघा आखून घ्या, वरची आणि खालची. हात त्यांच्यामध्ये मोठा राहतो. अडलात तर जमिनीवरच्या फरशीची रेघ बघून ती ओलांडा. आणि ठेका. कुणीतरी शेजारी मोजलं, एक-दोन, एक-दोन, तर हात त्याच्यावर चालतो. आतून हुकूम येत नाही ना, तो बाहेरून द्यायचा. "स्वतः मोजलं तरी थोडं होतं. पण दुसऱ्याने मोजलेलं जास्त चालतं. तर घरी कोण आहे?"

"मुलगी," तक्तेवाले म्हणाले. हे खोटं नव्हतं, मुलगी होती. फक्त ती चारशे मैलांवर होती.

परतताना बसमध्ये त्यांना चोवीस वर्षांपूर्वीची दुपार आठवत राहिली, आणि ती आठवणीच्या मानाने फार स्वच्छ होती. मोठे सर, तेव्हाचे विभागप्रमुख, दोन पांढऱ्या बशा घेऊन खोलीत आले होते. दोन्हींत मेंदूच्या देठाचा एकेक पातळ काप. एकात दोन काळसर रेघा, भुवयांसारख्या. दुसऱ्यात त्याच जागी काही नाही, नुसता फिकट मेणासारखा पट्टा. सर घाईत होते, आठवड्याने निवृत्त होणार होते. हे निरोगी, हे आजाराचं, बाण माझ्या कच्च्या चित्रात आहेत तसे, उजवीकडचे बारीक, एवढं म्हणून गेले. तक्तेवाल्यांनी बाण तंतोतंत काढले. आणि दुसऱ्या कापाकडे बघून त्यांना वाटलं होतं, बिचारा जास्त दिवस बरणीत राहिला, रंग उडाला. रंग उडालेले नमुने हे त्यांच्या कामाचं रोजचं दुखणं. बरणीतल्या हृदयाला रक्ताचा रंग द्यायचा, पांढऱ्याफटक यकृताला तपकिरी करायचं, मेलेल्याला तक्त्यात ताजं करायचं, त्याचाच तर त्यांना पगार होता. त्यांनी निळीत तपकिरी कालवून तो काळा खास तयार केला, जिभेच्या टोकाने ब्रशला अणी आणली, आणि त्या फिकट जागी दोन्ही भुवया भरून दिल्या. काम झाल्यावर मागे सरून पाहिलं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या दिसून समाधान वाटलं होतं, हेही आठवलं. त्या दुसऱ्या बशीतला माणूस कोण होता कोण जाणे. तो चालताना कसा दिसत असेल, हे आता त्यांना ठाऊक होतं. खिडकीच्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. त्याला वाईट वाटत होतं का नाही, ते चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

चोवीस वर्षं. दरवर्षी शंभर-सव्वाशे पोरं. ती बारा पावलांवरच्या दालनात बसून एकमेकांच्या कानात सांगत होती, काळं दिसेल, ते नाही असं धरा. आणि तीच पोरं मधल्या सुट्टीत त्यांच्या दारावरून जाताना नमस्कार करायची, कधी टाचणी मागायची, एकदा एकाने छत्री ठेवायला दिली आणि सहा वर्षांनी डॉक्टर झाल्यावर न्यायला आला. चूक कुणी लपवली असती तर राग धरता आला असता. लपवली नव्हती. सांगावं असं समोर कुणी आहे, हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि त्यांनाही, प्रामाणिकपणे बघायचं तर, एवढ्या वर्षांत दालनात जाऊन मागच्या बाकावर बसावं आणि आपल्या तक्त्यावरून काय शिकवतात ते ऐकावं, असं कधी वाटलेलं नव्हतं.

मुलगी रोज संध्याकाळी सातला फोन करायची. ती लिफ्टची तपासनीस होती. दिवसभर उंच इमारतींतून वर-खाली करून संध्याकाळी जिथून निघाली तिथेच पोचायची, असं तिचंच म्हणणं. चार मिनिटं बोलणं व्हायचं. जेवण काय, ती विचारायची, आणि ते एखाद्या भाजीचं नाव सांगायचे. तू काय जेवलीस, ते विचारायचे, आणि तीही एक नाव सांगायची. दोघंही बहुधा पाव खाऊन असायचे. मध्यंतरी तिची तक्रार सुरू झाली, बाबा तुझा आवाज फार बारीक येतो. फोनचं काहीतरी झालंय, त्यांनी सांगितलं होतं. तिने नवा फोन पाठवला. नव्या फोनवरही आवाज तेवढाच. मग तिने ठरवलं की त्यांच्या घरालाच रेंज नाही, आणि ते खिडकीत जाऊन बोलायला लागले. त्या गुरुवारी संध्याकाळी ते खिडकीत उभे राहिले, आणि चार मिनिटांपैकी तीन मिनिटं ती एका आडमुठ्या इमारतमालकाची नक्कल करत होती. ती नक्कल छान करायची. चौथ्या मिनिटात सांगावं असं त्यांनी योजलं होतं. चौथ्या मिनिटात ती म्हणाली, तू हसत का नाहीयेस, आवडली नाही का. आवडली, ते म्हणाले. हसलोय मी. ऐकू आलं नसेल, रेंज नाही.

तक्ता पुढे सरकत होता. रेषा आणि रंग त्रास देत नव्हते. ते सगळं ठरवून करायचं काम, लक्षाचं, दुसऱ्या वाटेचं. खांदा, दंड, कोपर, मनगट, खऱ्या हाताच्या मापाने, आणि त्यातून उतरत जाणारे पिवळे तंतू. टेबलावर दोन उजवे हात असायचे, एक कागदावरचा आणि एक त्यावर टेकलेला, आणि त्यातला कुठला जास्त जिवंत दिसतो यावर त्यांनी स्वतःशी पैज लावणं सोडून दिलं होतं. उजव्या मेंदूत तो पट्टा त्यांनी कोरा ठेवला. मूळ तक्त्याबरहुकूम नव्हे. कोऱ्या जागेभोवती रंगवत जाणं भरण्यापेक्षा कठीण असतं. ब्रश सारखा आत घसरू बघतो. विभागप्रमुख शुक्रवारी डोकावले, त्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, इथे थोडं राहिलंय वाटतं. नाही, तक्तेवाले म्हणाले, तिथे एवढंच आहे. त्यांना ते बहुतेक ऐकू गेलं नाही. रविवारी पूर्ण करून टाका, असं ते म्हणाले.

अडलं होतं ते अक्षरांशी. तक्त्यावर एकवीस नावं लिहायची होती, आणि अक्षर हा त्यांचा अभिमान होता. वीस वर्षांत त्यांनी अक्षरासाठी रेघा आखल्या नव्हत्या. टाक बुडवायचा आणि लिहायचं, ओळ काटकोनात यायची. म्हणजे त्यांचं अक्षर केव्हाचंच आपोआपवाल्यांत जमा झालं होतं. जे इतकं येत होतं की लक्ष द्यावं लागत नव्हतं, नेमकं तेच गेलं. शिकाऊ उमेदवारासारख्या त्यांनी पेन्सिलीने रेघा आखल्या, वर एक, खाली एक. त्याने तीन अक्षरांपर्यंत पोचता आलं. मग ठेका. भिंतीवरचं घड्याळ बॅटरीचं, मुकं. नळ ठिबकायचा, पण त्याला शिस्त नव्हती. शेवटी शुक्रवारी दुपारी शोध लागला की कार्यालयातल्या झेरॉक्स यंत्राचा ठेका, दार उघडं ठेवलं तर, खोलीपर्यंत येतो: खट्‌-सर्र, खट्‌-सर्र. वार्षिक अहवालाच्या तीनशे प्रती निघत होत्या. तक्तेवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वार्षिक अहवाल इतक्या मन लावून ऐकला. 'खट्'ला रेघ खाली, 'सर्र'ला रेघ आडवी. चौदा नावं झाली, एकाही अक्षराची मान खाली गेली नाही. मग कागद संपला, कारकून घरी गेला, आणि पंधराव्या नावाचं दुसरं अक्षर पहिल्याच्या पोटात मावेल एवढं आलं. ते त्यांनी पात्याने खरवडून काढलं. कागदाला तिथे लव आली.

रविवारी इमारतीत कुणी नव्हतं. कॉरिडॉरमध्ये स्वतःच्या पावलांचा आवाज येत होता, आणि तो एकसारखा नव्हता. डावं पाऊल टेकत होतं, उजवं थोडं फरफटत होतं. उद्या दहाला सुतार चौकट घेऊन येणार होता. सात नावं बाकी. त्यांनी आधी वेगळ्या कागदावर करून पाहिलं, स्वतः मोजून. एक, दोन, तीन, मोठ्याने. पण आवाज आणि अक्षर एकमेकांचं बघून बारीक होत गेले. आठपर्यंत पोचेस्तोवर आकडा त्यांना स्वतःलाच ऐकू येईना आणि अक्षर दिसेना. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. रिकाम्या खोलीत छप्पन्न वर्षांचा माणूस एकपासून आठपर्यंत मोजतोय, हे दृश्य त्यांना बाहेरून दिसलं, पाचव्या पडद्यावर दिसावं तसं, आणि मौज वाटली. मग मौज वाटायची थांबली. सव्वातीन झाले होते. कुणाला बोलवावं, याचा त्यांनी शांतपणे विचार केला. कार्यालयातले, शेजारी, फाटकावरच्या बाई. ओळख सगळ्यांशी होती. पण माझ्याशेजारी बसून तासभर आकडे म्हणा, असं ज्याला सांगता येईल असा माणूस शोधायला गेलं की ओळख म्हणजे किती थोडी गोष्ट आहे ते समजत होतं.

त्यांनी फोन लावला. सातची वेळ नसताना फोन लावण्याचा त्या घरात एकच अर्थ होता, आणि तो पाच वर्षांपूर्वी एकदा होऊन गेला होता. पहिल्याच घंटीला उचलला गेला. "काय झालं?"

"काही नाही. मोकळी आहेस?"

"आहे. केस वाळवतेय. काय झालं, बाबा?"

"तुला जरा मोजता येईल का?"

"काय मोजू?"

"काही नाही. नुसते आकडे. मोठ्याने, सारख्या चालीत. मी पुरे म्हणेपर्यंत."

फोनमध्ये थोडा वेळ केस वाळवायच्या यंत्राची घरघर आली, मग ती बंद झाली. ती विचारत होती की तू ठीक आहेस ना, घरी आहेस ना, कुणी आहे का सोबत. तक्ता पुरा करायचाय, अक्षरं उरलीत, ठेका लागतो, त्यांनी सांगितलं. आणि यात काहीही खोटं नव्हतं. "म्हातारपणी तुला संगीत लागायला लागलं," ती म्हणाली, आणि लिफ्टमधल्या बाईसारखा सपाट, सुगंधी आवाज काढून तिने सुरुवात केली. "एक. दोन. तीन. कृपया दारापासून दूर उभे राहा. चार." फोन त्यांनी टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, टाक बुडवला. पाचला टोक कागदाला लागलं. सहाला रेघ खाली आली, सातला वळली. हात चालत होता. त्याला सांगावं लागत नव्हतं. तिकडून आकडा यायचा आणि इकडे रेघ सुटायची, मधे ते स्वतः जेमतेम होते. पंधरावं नाव झालं, लव आलेल्या जागेवरूनही टाक गेला. सोळावं झालं. तिने नक्कल केव्हा सोडली ते त्यांच्या लक्षात आलं नाही; तिशीच्या पुढे ती आपल्या साध्या आवाजात मोजत होती.

"एक्केचाळीस. हे रोज करतोस का तू? बेचाळीस."

उत्तर देता येत नव्हतं; बोलायला गेलं की हात थांबतो आणि हाताकडे लक्ष गेलं की शब्द, हे त्यांना दोन दिवसांपासून माहीत झालं होतं. सतरावं नाव निम्मं झालं होतं.

"त्रेचाळीस. बाबा. चव्वेचाळीस. ऐकतोयस ना. पंचेचाळीस." ती न थांबता मोजत होती, तसं त्यांनीच सांगितलं होतं. पन्नास झाले. पंचावन्न. साठीला आली तेव्हा आकड्यांच्या मधल्या जागा तिने वापरायला सुरुवात केली, घाईने, चाल न मोडता, जिन्याच्या एकेका पायरीवर एकेक वस्तू ठेवत यावं तशी. "एकसष्ट. फोन नवा घेतला तरी आवाज तेवढाच. बासष्ट. खिडकीत गेलास तरी तेवढाच. त्रेसष्ट. हसतोस ते ऐकू येत नाही. चौसष्ट. मागच्या महिन्यात पार्सलवर पत्ता लिहिलास. पासष्ट. मला वाटलं दुसऱ्या कुणीतरी लिहिलाय, इतका बारीक. सहासष्ट. सदुसष्ट. बाबा, तुझ्या हाताला काय झालंय. अडुसष्ट."

आणि पुढचा आकडा आला नाही.

टाक उभ्या रेघेच्या मध्यात होता. तो पुढे जाईना. उचलावा म्हटलं तर उचलायलाही आकडा लागत होता. टोकाशी शाई जमायला लागली होती. तक्तेवाल्यांनी सांगितलं. ते सांगणं कागदावर पडावं इतकं हलकं निघालं. काय, तिने विचारलं. मग त्यांनी दम घेतला, आणि अठ्ठ्याऐंशी तक्त्यांच्या आणि दोन खोल्या भरून बरण्यांच्या त्या रिकाम्या विभागात शक्य तेवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "पार्किन्सन. उजवा हात. सध्या एवढंच आहे."

तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला, किंवा ती खाली बसली असेल. शाईचा थेंब टोकाशी फुगत होता, आता सुटेल, मग सुटेल. त्यांनी त्याच्याकडे लक्ष ठेवलं, कारण लक्ष ठेवण्यासारखी तेवढीच गोष्ट आपल्या हातात आहे असं त्यांना वाटलं. ती काय म्हणणार हे ते ओळखून होते: केव्हापासून, कुणाला दाखवलंस, मला का नाही सांगितलंस. तिन्हींची उत्तरं त्यांच्याकडे होती आणि तिसरं देण्यासारखं नव्हतं.

"कितीवर होते मी?" तिने विचारलं. आवाज नीट नव्हता.

"अडुसष्ट," तक्तेवाले म्हणाले.

"एकोणसत्तर," ती म्हणाली.